टाचेतला दोरा

इटलीतल्या माचेराताच्या स्टेडियमवर मिस्सा, म्हणजे चर्चची उपासना, संपली आणि आम्ही निघालो. जूनमधला शनिवार. येशूच्या आईचं, मरियेचं तीर्थ लोरेटो 28 किलोमीटर, रात्रभर चालायचं. 1978 साली इथल्या एका फादरांनी तीनेकशे विद्यार्थी घेऊन ही पदयात्रा सुरू केली. आता रस्ता दिसत नाही, नुसती डोकी आणि मेणबत्त्या.

भक्ती दोनेक तास टिकली. मग लाउडस्पीकरचा राग यायला लागला. त्यात माझ्या बरोबर मागे एक गिटारवाला. 'नमो मरिये' म्हणायला ओठ उघडावेत की हा सूर चढवणार. मनातल्या मनात त्याला वसईच्या भाषेत चार शब्द ऐकवले आणि पुढचा मणी धरला.

वसईला आमच्या घरी रोझरीची जपमाळ संपली की मरियेची लितानी. आजी एकेक बिरुद घ्यायची, हस्तिदंती मनोऱ्या, सोन्याच्या घरा, पहाटेच्या ताऱ्या, आणि आम्ही पोरं पेंगत 'आम्हांसाठी विनंती कर' म्हणायचो. लोरेटोची लितानी ती. 1587 साली पोप सिक्स्टस पाचवे यांनी मान्य केलेली. हे लोरेटो कुठलं, असं आमच्यात कुणी कधी विचारलं नाही.

रेकानाती गावाचे दिवे डोंगरावर दिसले, गेले.

अडीचच्या सुमारास डाव्या टाचेने जाहीर केलं की बास. बांधावर बसून मोजा काढला, तर जांभळाएवढा फोड. शेजारी एक म्हातारी येऊन टेकली. काही न विचारता माझा पाय ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला. मी ओशाळले, आजीच्या वयाच्या बाईच्या मांडीवर माझा धुळीचा पाय! तिने पिशवीतून सुई काढली, काडीवर धरली, पांढरा दोरा ओवला आणि फोडातून आरपार नेला. दोन्ही टोकं लोंबती ठेवून दोरा कापला. पाणी झिरपायला लागलं.

एक तरुण उभा राहून मला, परदेशी म्हणून, समजावत होता. 1291 मध्ये देवदूतांनी मरियेचं नाझरेथचं घर उचललं, आधी समुद्रापलीकडे ठेवलं, 1294 मध्ये इकडे आणलं, ही दंतकथा. काही अभ्यासकांच्या मते दगड जहाजातून आले, ते आणणाऱ्या घराण्याचं आडनावच आंजेली, म्हणजे देवदूत. म्हातारीने मान वर केली नाही. "आणले ना कुणीतरी?" म्हणाली, आणि माझ्या पायात मोजा चढवला. नाव विचारायच्या आत गर्दीत गेली.

उजाडताना टेकडीवर चर्च दिसलं. 1469 चं बांधकाम, मागून पाहिलं तर किल्लाच, तुर्कांचं भय. सांगाल्लोचा घुमट, सिन्योरेल्लीची भित्तिचित्रं, सगळ्याला माझी एकेक नजर. घुमटाखाली ते घर, आणि घराभोवती ब्रामान्तेने आखलेली संगमरवराची भिंत, पुतळे-पुतळे. मला राग आला. तीन भिंतींचं गरिबाघरचं खोपटं, आणि त्याला एवढा श्रीमंती डबा! आत मात्र काजळलेले ओबडधोबड दगड, आणि काळी मरिया. जुनी मूर्ती 1921 च्या आगीत गेली. ही व्हॅटिकनच्या बागेतल्या देवदाराची.

बाहेर संगमरवराच्या पायरीवर घराभोवती दोन घळी पडल्यात. गुडघ्यांवर प्रदक्षिणा घालणाऱ्यांनी शतकानुशतकं झिजवलेल्या. माझा नवस वगैरे काही नव्हता. पण गुडघे टेकले आणि टाच रात्रीनंतर पहिल्यांदा जमिनीवरून सुटली. बांद्र्याच्या मोतमावलीला मेणाचे पाय वाहतात, ते आठवून हसू आलं.

घळीत गुडघा नेमका बसला. पुढची बाई लितानी म्हणत होती, इटालियनमध्ये. मी मराठीत उत्तर देत गेले.