कडक भाकरी, काळी वाळू आणि सिद्ध बुरजावरचा दिवा

कडक भाकरी मऊ पडली, तेव्हाच मी शहाणं व्हायला हवं होतं.

सोलापुरातून निघताना बायकोनं वीस कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणीचे दोन पुडे बांधून घेतले होते. आमची कडक भाकरी पापडासारखी मोडते आणि आठ-पंधरा दिवस डब्यात राहिली तरी तिला काही होत नाही. रत्नागिरीत दुसऱ्या दिवशी सकाळी डबा उघडला, तर भाकरीची रुमालासारखी घडी पडायला लागली. नानांनी ती उलटीपालटी करून पाहिली. "हवा ओली हाय हितली," म्हणाले आणि चहात बुडवून खाऊन टाकली. त्या ओल्या हवेचा अर्थ मला दुपारी बारा वाजता कळला.

नाना म्हणजे माझे वडील, वय त्र्याहत्तर. लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये फिटर होते. नव्वदच्या दशकात मिल बंद पडली, मग अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागांची दुरुस्ती करत राहिले. मुंबईला दोनदा गेले, दोन्ही वेळा कामगारांच्या मोर्चाला, आणि दोन्ही वेळा चौपाटी राहिली. म्हणून हा सगळा घाट. आमच्याच गावातून निघालेला १६६ क्रमांकाचा महामार्ग मंगळवेढा, सांगली, कोल्हापूर करत रत्नागिरीला जाऊन थांबतो, हे मी त्यांना तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा ते "मग?" म्हणाले. आंबा घाटात रस्त्याच्या कामामुळं हाडं खिळखिळी झाली. पहिल्या दिवशी गणपतीपुळे केलं, दर्शन झालं, गर्दीत पोरीची एक चप्पल गेली. त्या दिवसाबद्दल एवढंच.

दुसऱ्या दिवशीचा बेत माझा होता. भाट्याच्या किनाऱ्यावरून निघायचं, खाडीवरचा पूल ओलांडून मांडवी, तिथून पेठकिल्ला आणि वर रत्नदुर्गावरचं दीपगृह. सगळं पायी. उतरलो होतो तिथले काका म्हणाले, "रिक्षा करा हो, दुपारी बाधेल." मी छाती काढून म्हणालो, "काका, आम्ही सोलापूरचे. चव्वेचाळीस डिग्रीत लग्नं लावतो." काका हसले आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. हे वाक्य मी का बोललो, याचा मला अजून पश्चात्ताप होतो.

भाट्ये मात्र फार सुंदर. सुरूच्या झाडांची रांग, पुढं लांबच लांब ओली वाळू, आणि त्यावर खेकड्यांनी काढलेल्या बारीक गोळ्यांच्या रांगोळ्या. पोरगी त्या मोडू नयेत म्हणून बेडकासारखी उड्या मारत चालली होती. नानांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला, घोट्याएवढ्या पाण्यात गेले, वाकून बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. मी मोबाईल काढून तयार. म्हटलं, आता काहीतरी बोलणार. "खारटच हाय की," एवढं म्हणून ते बाहेर आले आणि पायाची वाळू झाडत बसले. ज्याच्यासाठी साडेतीनशे किलोमीटर आलो तो समुद्र दोन मिनिटांत उरकला. खरं सांगतो, मला राग आला.

पुढं काजळी नदीवरचा पूल. खाली राजिवड्याच्या होड्या एकीला एक खेटून उभ्या. इथं नाना पुलाच्या कठड्याला टेकून बराच वेळ थांबले. म्हटलं, आता तरी रमले. तर म्हणतात, "त्या इंजनाचा आवाज ऐक. एक सिलिंडर चुकतंय."

मांडवीला काळी वाळू. गावात या बाजूला काळा समुद्र आणि मिऱ्याच्या बाजूला पांढरा समुद्र म्हणतात, ते वाळूमुळं. काळ्या वाळूत इल्मेनाइट नावाचं जड खनिज असतं, टायटॅनियम काढतात ते. हे वाचून गेलो होतो. काळी वाळू अकरा वाजता तव्यासारखी तापते, हे कुणी लिहिलं नव्हतं. चप्पल हातात घेऊन चालायची हौस तिथंच फिटली.

आणि मग चढ. तापमान तेहतीसच्या पुढं नव्हतं. सोलापुरात एवढ्या तापमानाला आम्ही 'आज बरं आहे' म्हणतो. पण आमच्याकडं घाम येतो आणि लगेच वाळतो, म्हणून अंग गार राहतं. इथल्या हवेत आधीच एवढं पाणी, की घाम वाळायचं नावच घेत नाही. नुसता गळत राहतो. पेठकिल्ल्यातून वर जाताना माझ्या कानात वाजायला लागलं, डोळ्यांपुढं पिवळं आलं आणि मी एका घराच्या गडग्यावर बसलो. बसलो म्हणजे कोसळलोच. नाना, त्र्याहत्तर वर्षांचे, टोपी सरळ करत शेजारी उभे.

त्या घरातल्या आजी बाहेर आल्या. काही न विचारता तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा पुढं केला, आणि मग बोलायला सुरुवात केली. "या वक्ताला कुणी चढतो काय? म्हाताऱ्या माणसाला घेऊन?" म्हातारा माणूस ठणठणीत होता, आडवा मी झालो होतो, पण वाद घालायचं त्राण नव्हतं. मी दुसऱ्यांदा तांब्या पुढं केला तेव्हा नानांनी माझा हात धरला आणि आजींना विचारलं, "पाण्याचं कसं हाय तुमच्याकडं?" आम्हा सोलापूरकरांचा हा पहिला प्रश्न असतो. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावातली माणसं दुसऱ्याच्या घरी पाणी मोजून पितात.

आजी म्हणाल्या, आता मार्चात विहिरीला आहे, मेमध्ये तळ दिसतो. एवढा पाऊस पडून? हो, एवढा पडून. जांभा दगड पाणी धरत नाही, पडलं तेवढं समुद्रात जातं. नानांनी आमच्या टाक्या, बॅरल, रात्री दोनला सुटणारं पाणी, सगळं सांगितलं. दोघं पाण्यावर वीसेक मिनिटं बोलले. समोर दिसेल तिथपर्यंत अरबी समुद्र होता आणि त्याच्याकडं दोघांची पाठ होती. निघताना बायकोनं शेंगाचटणीचा एक पुडा आजींच्या हातात दिला. आजींनी वास घेतला आणि म्हणाल्या, "लसूण सढळ हाये."

दीपगृह चारला उघडणार होतं. तोवर भगवतीच्या देवळात बसलो. तीन बाजूंनी पाणी, वारा असा की मगाशी हाच देश होता का असं वाटावं. दीपगृह आहे त्या बुरजाला सिद्ध बुरूज म्हणतात हे कळल्यावर नानांनी आधी त्या दिशेला हात जोडले. सिद्धेश्वराच्या गावचा माणूस, सिद्ध म्हटलं की हात आपोआप वर जातात.

वर गेलो, आणि पाण्याचा विषय सोडला तर 'मग?' आणि 'की' वर भागवणारे नाना बोलायला लागले. इथलं दीपगृह १८६७ सालचं. दाखवायला आलेला माणूस भला होता. त्यानं सांगितलं, दिवा काही फार मोठा नसतो, खरं काम भोवतीची काच करते. प्रिझमची कडी उजेड गोळा करून त्याचा झोत समुद्रावर फेकतात. ती काच गोल फिरत राहते, म्हणून दूरच्या जहाजाला तो उघडझाप केल्यासारखा दिसतो. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप किती सेकंदांची ते ठरलेलं, आसपासच्या दीपगृहांपेक्षा वेगळं, आणि ते जहाजावरच्या पुस्तकात छापलेलं. सेकंद मोजले की आपण कुठं आहोत ते कळतं.

नाना एकदम म्हणाले, "भोंग्यासारखं."

त्या माणसाला कळलं नाही. मग नानांनी त्याला समजावलं. सोलापुरात 'जुनी मिल' नावाची गिरणी होती, लक्ष्मी-विष्णू होती, नरसिंग गिरजी होती. प्रत्येकीचा भोंगा निराळा. एकीचा जाड, एकीचा शेवटाला चिरकणारा. अंथरुणात डोळे मिटून पडलेल्या माणसाला कळायचं कुणाचा वाजला, आपला की शेजाऱ्याचा. "आमची आई भोंग्यावर चूल पेटवायची. घड्याळ कुणाकडं होतं?" हे मी कधीच ऐकलं नव्हतं. पन्नाशीला आलो, एका घरात राहतो, आणि ते ऐकायला मला रत्नागिरीच्या बुरजावर एका अनोळखी माणसाशेजारी उभं राहावं लागलं.

बाहेरच्या सज्जात वारा टोपी उडवत होता. बायको आणि पोरगी खालच्या लाटा बघत होत्या. नाना मात्र मान वर करून काचेकडं बघत होते. मला म्हणाले, "कारखान्याची चिमणी पाडली तवा मी गच्चीवर होतो." सिद्धेश्वर साखर कारखान्याची ती उंच चिमणी १५ जून २०२३ ला विमानतळासाठी पाडली. आता आमच्याकडून गोव्याला विमान जातं, आणि खरं तर या सहलीसाठी आधी मी तेच तिकीट बघत होतो. "बाहेरगावाहून येताना चिमणी दिसली की पिशवी आवरायला घ्यायचो," नाना म्हणाले. पुढं काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

पांढरा समुद्र, थिबा राजवाडा, टिळकांचं घर हे सगळं तिसऱ्या दिवशी रिक्षानं केलं. हो, रिक्षानं.

पण त्या संध्याकाळी उतरून मांडवीच्या जेट्टीवर भेळ खात बसलो होतो. अंधार पडला आणि वरचा दिवा लागला. पोरगी ओरडली, "नाना, बघा!" नानांनी हात करून तिला गप्प केलं. मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं आणि ओठ हलवायला लागले. एकदा मोजलं, दुसऱ्यांदा मोजलं. त्या माणसानं सांगितलेला आकडा त्यांनी तिकिटाच्या मागं लिहून घेतला होता, तो माझ्या मोबाईलच्या उजेडात वाचला.

"जुळतंय," म्हणाले. भेळेचा घास घेतला. मग थोड्या वेळानं, "त्या गड्याला बेरिंगला तेल कुठलं घालता ते विचारायचं राहिलं बघ."