तुम्ही विचारलंत म्हणून: पऱ्हाटीचं इंधन कधी होणार?

मी नागपुरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. काटोल-सावनेरकडची मुलं वर्गात असतात. त्यांच्या घरी गेलं की पऱ्हाटीबद्दल, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या झाडांबद्दल, वडीलमंडळींचा एक प्रश्न ठरलेला: "मॅडम, पऱ्हाटी खाऊन इंधन करणारे जिवाणू आहेत म्हणता, मग आम्ही ती धुऱ्यावर का जाळतो अजून?"

प्रश्न रास्त आहे. असे जिवाणू खरंच आहेत. माझा आवडता क्लॉस्ट्रिडियम थर्मोसेलम. त्याला ६० अंश सेल्सिअसच्या आसपासची उष्णता लागते आणि हवा अजिबात चालत नाही. आपला मे महिना ४५ अंशांपुढे जातो, तोही त्याला कमीच पडतो. तापलेल्या कंपोस्टच्या पोटात मात्र तो सुखाने राहतो. सेल्युलोज, म्हणजे झाडाच्या तंतूंमधली साखरेची लांब साखळी, कापणारी त्याची विकरं (एन्झाइम) सुटी फिरत नाहीत. एका लांब प्रथिनावर ती ओळीने बसतात आणि ते प्रथिन जिवाणूच्या अंगाला जोडलेलं असतं. ही रचना १९८३ मध्ये बायर आणि लामेद या शास्त्रज्ञांनी मांडली. मला आजही ती विलक्षण वाटते: धागा तुटतो तिथेच साखर सुटते, तिथेच ती खाल्ली जाते आणि त्यातून इथेनॉल होतं. पानिपतला २०२२ मध्ये सुरू झालेल्या, भाताच्या तणसापासून इथेनॉल करणाऱ्या प्रकल्पात विकरं बाहेरून घालावी लागतात आणि आंबवायचं काम यीस्ट करतं. इथे दोन्ही कामं एकच जीव करतो. शिवाय एवढ्या उष्णतेत बहुतेक उपरे जंतू टिकत नाहीत, त्यामुळे टाकी नासण्याची भीती कमी.

मग अडतं कुठे? पहिलं, पऱ्हाटी म्हणजे कापूस नव्हे. बोंडातला धागा जवळजवळ निखळ सेल्युलोज. पऱ्हाटी मात्र लाकूडच, लिग्निन या चिवट पदार्थाने सांधलेली. ती आधी बारीक करून वाफेने किंवा रसायनाने सैल केल्याशिवाय जिवाणूचा हात आत पोचत नाही. दुसरं, पऱ्हाटीत सेल्युलोजच्या जोडीला असलेल्या हेमिसेल्युलोजमधल्या पाच कार्बनच्या साखरा याला पचत नाहीत. त्यासाठी दुसरा उष्णताप्रिय जिवाणू जोडीला द्यावा लागतो. तिसरं मला सगळ्यात अवघड वाटतं: स्वतःच केलेलं इथेनॉल याला सोसत नाही. यीस्ट दहा टक्क्यांच्या पुढे तग धरतं, हा त्याच्या खूप अलीकडेच थांबतो. इतक्या पातळ द्रावातून इथेनॉल ऊर्ध्वपातनाने वेगळं करायचं तर त्यातच बरीच ऊर्जा जाते. जनुकं बदलून केलेल्या वाणांनी हे अंतर कमी केलंय, पण कारखाना चालवण्याइतकं नाही.

मला वाटतं हे सुटेल, आणि सुटावं असं मनापासून वाटतं. कोरडवाहू विदर्भाकडे ऊस नाही, पऱ्हाटी आहे. तोवर मात्र ती जाळू नका आणि ढीग लावून ठेवूही नका. न उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी लपून राहते आणि पुढच्या हंगामात तुमच्याच शेतात उतरते. वेचणी संपली की श्रेडरने बारीक करा आणि कंपोस्टला घाला.