करिअरची कौशल्ये मानव्यविद्येच्या अभ्यासक्रमातच हवीत

मानव्यविद्येच्या विद्यार्थ्यांना रोजगारक्षम करायचे ठरले की विद्यापीठे बहुधा एकच उपाय योजतात. इतिहास, साहित्य किंवा तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमाला कौशल्य विकासाचा एक स्वतंत्र विषय जोडला जातो. त्यात अर्ज कसा लिहावा, मुलाखतीला सामोरे कसे जावे, सादरीकरण कसे करावे हे शिकवले जाते, आणि ते शिकवणाऱ्याचा मूळ विषयाशी सहसा काहीच संबंध नसतो. ही व्यवस्था मला मुळातच चुकीची वाटते, कारण आपण वर्गात जे शिकतो ते पोटापाण्याच्या उपयोगाचे नाही आणि उपयोगाचे ते बाहेरूनच आणावे लागते, असा समज ती विद्यार्थ्यांच्या मनात पक्का करते.

मानव्यविद्येचा व्यवसायाशी संबंध जुना आहे. मध्ययुगीन युरोपातील विद्यापीठांत व्याकरण, तर्कशास्त्र आणि वक्तृत्वशास्त्र ही त्रयी शिक्षणाचा पाया होती. बाराव्या शतकात इटलीतील बोलोन्या येथे पत्रलेखनाची कला रीतसर शिकवली जात असे आणि ती अवगत केलेल्यांना दरबारांच्या व चर्चच्या कचेऱ्यांत काम मिळत असे. वक्तृत्वाचे नियम अभ्यासणे आणि कोणाच्या तरी वतीने नेमके पत्र लिहिणे ही त्या काळी एकाच विद्येची अंगे होती.

अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशन या इतिहासकारांच्या संघटनेने इतिहासात डॉक्टरेट करणाऱ्यांसाठी पाच गोष्टी आवश्यक मानल्या आहेत: संवाद, सहकार्य, संख्यात्मक साक्षरता, डिजिटल साक्षरता आणि बौद्धिक आत्मविश्वास. ही यादी पदवीच्या वर्गासमोर धरून पाहिली, तर संवादाचे आणि आत्मविश्वासाचे बीज तेथे आधीच असते असे दिसते. खरी उणीव सहकार्याची आणि आकड्यांची आहे. आपले निबंध, शोधनिबंध, परीक्षा हे सारे एकट्याने करायचे असते, आणि तक्ता दिसला की पान उलटण्याची सवय आपण शिक्षकच लावतो.

उपाय गृहपाठाच्या रचनेत आहे. समजा, एका बंदरातील जुन्या साथीच्या कागदपत्रांवर विद्यार्थ्याने 2000 शब्दांचा निबंध लिहिला. त्याच साधनांवरून त्याने आता 300 शब्दांचे टिपण तयार करायचे, आणि ते बैठकीला निघालेल्या आरोग्य अधिकाऱ्यासाठी असेल. पहिला खर्डा हमखास पार्श्वभूमीने सुरू होतो आणि मुद्दा शेवटच्या परिच्छेदात येतो. तो वर आणताना काय गाळायचे हे ठरवावे लागते; मृत्यूंची नोंदवही एकाच वस्तीची असेल, तर तिच्यावरून शहराबद्दल किती बोलता येईल हे एका वाक्यात सांगावे लागते; टक्केवारी काढायची तर भागाकारात खाली कोणती लोकसंख्या धरली हे लिहावे लागते. साधनचिकित्सा, म्हणजे पुराव्याची पारख, म्हणून आपण जे शिकवतो तेच येथे दुसऱ्या वाचकासाठी करायचे असते, आणि हे टिपण लिहून झाल्यावर मूळ निबंध पुन्हा लिहायला दिला, तर तोही अधिक नेमका होतो.

सहकार्यासाठी मौखिक इतिहासाचा, म्हणजे लोकांच्या मुलाखतींतून त्यांच्या आठवणी नोंदवण्याचा, प्रकल्प मला सर्वांत योग्य वाटतो. चौघांच्या गटाने मुलाखत घ्यायची, तर आधी संमतिपत्र तयार करावे लागते, ध्वनिमुद्रणाच्या फाइलींना सर्वांना समजतील अशी नावे द्यावी लागतात, संभाषणाची मिनिटवार सूची करावी लागते आणि शब्दांकनात बोलणाऱ्याचे अडखळणे ठेवायचे की नाही यावर एकमत करावे लागते. हा शेवटचा वाद वरवर तांत्रिक दिसतो, पण तो ज्ञानमीमांसेचा, म्हणजे खरे काय ते आपल्याला कसे कळते याचा, आणि नीतीचा वाद आहे. तो मिटवून ठरलेल्या तारखेला काम पूर्ण करणे म्हणजे नेमके काय, हे कौशल्य विकासाच्या तासाला सांगून कळत नाही.

एवढे करूनही मुलाखतीत विद्यार्थी ‘मी इतिहास शिकलो’ एवढेच म्हणून थांबतो, कारण आपण काय केले ते शब्दांत मांडायला त्याला कोणी शिकवलेले नसते. म्हणून प्रत्येक गृहपाठासोबत अर्धे पान त्याच्याच कामाविषयी लिहून घ्यावे: कोणता निर्णय घेतला, कोणत्या पुराव्यावर घेतला, काय सोडून दिले. त्यात मोघम विशेषणांना अजिबात थारा देऊ नये.

अशाने कवितेचाही अहवाल होईल, ही अनेक सहकाऱ्यांची भीती मी गांभीर्याने घेतो. कविता कविता म्हणूनच वाचली गेली पाहिजे, आणि त्या वाचनाला कोणतेही टिपण जोडण्याची गरज नाही. एका अभ्यासक्रमात असे एक-दोन गृहपाठ पुरेसे आहेत. ते कोठे बसतात हे तो विषय शिकवणाऱ्यानेच ठरवावे, करिअर मार्गदर्शन विभागाने नव्हे. या विभागाने कोणत्या व्यवसायांत कसे लेखन लागते याचे खरे नमुने मात्र जरूर पुरवावेत.

सर्वांत अवघड भाग शिक्षकांच्या वेळेचा आहे. मोठ्या वर्गाचे दोन-दोन खर्डे तपासणे कोणालाही शक्य नाही, त्यामुळे अशा गृहपाठाची भर घालताना अभ्यास मंडळांनी एखादी लेखी चाचणी काढून टाकली पाहिजे आणि अंतर्गत मूल्यमापनातील तिचे गुण पहिल्या खर्ड्याला व त्यावरील सुधारणेला दिले पाहिजेत. सुधारणेला स्वतंत्र गुण नसतील, तर विद्यार्थी पहिलाच खर्डा स्वच्छ करून पुन्हा देतील.