गोचिडांचे इंजेक्शन आणि दुभती गाय

"एक इंजेक्शन मार, सगळे गोचीड गळून पडतात." आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात गोठ्याचा विषय निघाला की हे कोणी ना कोणी बोलतोच. बोलणे खोटे नाही. आयव्हरमेक्टिनच्या या इंजेक्शनने गोचीड मरतात हे मी माझ्या कालवडींवर पाहिले आहे. पण ज्या गोठ्यातले दूध रोज सकाळी दूध सोसायटीत जाते, तिथे हे सांगणे अर्धेच आहे. उरलेले अर्धे कोणी सांगत नाही, म्हणून लिहिते आहे.

आमच्या गोठ्यात संकरित जर्सी, एक श्वेतकपिला, म्हणजे आमची गावठी पांढरी गाय, आणि कालवडी. पावसाळा सरता सरता कासेवर, कानांच्या आत, शेपटीखाली गोचीड दाटले. दूध कमी झाले. लहान कालवडीच्या पापणीची आतली बाजू पांढुरकी दिसू लागली, म्हणजे अंगातले रक्त कमी होत होते. गुरांच्या डॉक्टरांना बोलावले. त्यांनी पापणी ओढून बघितली आणि पेटी उघडण्याआधी विचारले, "यातल्या दुभत्या कुठल्या? आणि गाभण कुठली?"

सगळे या प्रश्नावर ठरते. आयव्हरमेक्टिन कातडीखाली टोचले की रक्तात उतरते. गोचीड रक्त पितो, औषध त्याच्या पोटात जाते, तो लुळा पडतो आणि मरतो. म्हणजे काही दिवस गाईचे रक्तच त्याला विष असते. पण जे रक्तात आहे ते दुधातही उतरते. हे औषध स्निग्धात विरघळते, त्यामुळे सायीसोबत राहते आणि दूध उकळून जात नाही. म्हणून ज्या गाईचे दूध माणसांच्या पोटात जायचे, तिला ते द्यायचे नाही. गाभण गाईलाही विण्याआधीच्या शेवटच्या दोन महिन्यांत नाही. आपण गाय आटवतो, म्हणजे दूध काढणे थांबवतो, तीही साधारण तेवढ्याच काळासाठी. "आटली आहे, आता टोचून घेऊ" असे जे सर्रास केले जाते, तेही म्हणूनच बरोबर नाही. याच कुळातले एप्रिनोमेक्टिन दुभत्या गाईंना चालते, पण आम्हाला तेव्हा ते मिळाले नाही.

मग दोन वाटा झाल्या. कालवडींना इंजेक्शन, दुभत्यांना वरून औषध.

इंजेक्शनची मात्रा वजनावर असते: एक टक्क्याचे औषध दर 50 किलोंना 1 मिली. वजनकाटा आमच्याकडे कुठला! डॉक्टरांनी शिंप्याची टेप मागितली. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचांत घ्यायचा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंत लांबी घ्यायची. घेराला घेराने गुणायचे, मग लांबीने, आणि 660 ने भागायचे. मोठ्या कालवडीचा घेर 54 आणि लांबी 48 भरली, म्हणजे 212 किलो, म्हणजे सव्वाचार मिली. अंदाजाने मात्रा ठरवली असती तर कदाचित कमी पडली असती, आणि कमी मात्रेतून वाचलेले गोचीडच पुढे औषधाला दाद देईनासे होतात. टोचायचे ते कातडीखालीच, शिरेत कधीही नाही, आणि ते डॉक्टरांनीच करावे हे माझे ठाम मत आहे.

दुभत्यांसाठी फ्लुमेथ्रिन. सकाळचे दूध काढून झाल्यावर खांद्यापासून शेपटीपर्यंत पाठीच्या मधोमध ओतायचे, दर 10 किलोंना 1 मिली. हे कातडीवर पसरून काम करते. ओतताना हातमोजे घालायचे आणि रिकामी बाटली व्हाळात, म्हणजे ओढ्यात, धुवायची नाही, कारण हे औषध माशांना मारक आहे. कालवडींचे शेणही काही आठवडे वेगळ्या ढिगात टाकले. आयव्हरमेक्टिन शेणातून बाहेर पडते आणि शेणकिड्यांच्या अळ्या मरतात. ते शेण जमिनीत नेणारे किडे मला कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत, हवे आहेत.

यातला सर्वांत कष्टाचा भाग मात्र औषधाचा नव्हता, गोठ्याचा होता. रक्त पिऊन फुगलेली मादी गाईवरून गळते, फटीत शिरते आणि दोन-तीन हजार अंडी घालते. आमचा गोठा चिऱ्यांचा. चिरा म्हणजे भोकाभोकांचा दगड, गोचिडांना तिथे हवी तेवढी जागा. गुरे बाहेर बांधून आम्ही भिंतींच्या सांधी खरवडल्या, जुनी वैरण जाळली, कमरेएवढ्या उंचीपर्यंत गिलावा केला आणि वर चुना काढला. गाईवर नेहमी दिसणारा गोचीड अळीपासून मादी होईपर्यंत साधारण तीन आठवडे एकाच जनावरावर असतो. म्हणून औषधाची पुढची पाळी डॉक्टरांनी त्या हिशेबाने लावून दिली.

शेजारचे काका ऐकेनात. "बाय, माझ्या गाईला दरवर्षी टोचतो, काय झाले?" त्यांची गाय दुभती, घरात नातवंडे. मी वाद घातला नाही, डॉक्टरांनाच त्यांच्या अंगणात घेऊन गेले. नातवंडे तेच दूध पितात हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावर काका गप्प झाले. त्यांच्याही दुभतीच्या पाठीवर औषध ओतले, आमच्या पुढच्या पाळीच्या दिवशीच. आमची गुरे एकाच रानात चरतात, त्यामुळे एकाच गोठ्यात औषध करून भागत नाही.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. 2015 साली आपल्याच तालुक्यात, पाली गावात गोचीड चावून माणसांना होणारा माकडताप आला तेव्हापासून गोचीड म्हटले की लोकांच्या मनात तोच येतो. गाईला इंजेक्शन दिले म्हणून माणूस त्या तापापासून सुटत नाही. तो ताप देणारा गोचीड रानात असतो आणि माणसाला चावतो तो बहुतेक रानातच. काजूच्या दिवसांत बागायतीत जाताना गोचीड दूर ठेवणारे डेपा तेल लावणे, अंगभर कपडे घालणे, घरी येऊन आंघोळ करणे हे वेगळे करावेच लागते.

कालवडीची पापणी पुन्हा गुलाबी झाली आहे. रानातून नवे गोचीड येतातच, म्हणून संध्याकाळी दूध काढण्याआधी मी कास, कान आणि शेपटीचे मूळ हाताने चाचपते. सापडलेला गोचीड बोटांनी चिरडत नाही. चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढते आणि साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाकते.