वादी रम: जीप पूर्ण दिवसाचीच घ्या

जॉर्डनहून परतल्यापासून ठाण्यात कचराळी तलावावर फेऱ्या मारताना कुणी ना कुणी गाठून विचारतंच, "तिथल्या वादी रमच्या वाळवंटात दोन तासांची जीप पुरते का हो?" नाही पुरत. तेवढ्यात लॉरेन्सचा झरा, लाल वाळूची टेकडी आणि खझालीची घळ कशीबशी उरकते, आणि गाड्यांची झुंबड नेमकी तिथेच असते.

जीप आपली म्हणायला. असते जुनी टोयोटा पिकअप, मागे हौद्यात समोरासमोर बाकडी, वर ताडपत्री. दगडाळ भागात जबरी दणके बसतात. पाठीचं दुखणं असलेल्यांनी सरळ ड्रायव्हरशेजारी बसावं. आमच्या काकूंना तिथेच बसवलं. ड्रायव्हर हाच गाइड, गावातलाच बेदुईन, म्हणजे वाळवंटातला अरब. मऊ वाळू लागायच्या आधी तो उतरला आणि काडीने व्हॉल्व्ह दाबत चारही टायरांतली थोडी थोडी हवा सोडली. टायर पसरला की रुतत नाही.

खझालीत मात्र घाई करू नका. घळ इतकी अरुंद की समोरून माणसं आली की भिंतीला चिकटून उभं राहायचं. त्या भिंतींवर माणसं, प्राणी, चक्क पावलं कोरलेली आहेत, जोडीला थमुदी या प्राचीन लिपीतली अक्षरं. २०११ साली युनेस्कोने वादी रमला निसर्ग आणि संस्कृती अशा दोन्ही अंगांनी जागतिक वारसा ठरवलं, ते का हे इथे कळतं.

आपले डोळे सह्याद्रीच्या काळ्या बसाल्टला सरावलेले. इथे खाली ग्रॅनाइट, वर तांबूस वालुकाश्म. वाऱ्यापावसाने तो असा झिजलाय की कड्यांवरून मेणबत्तीचं मेण ओघळून थिजल्यासारखं वाटतं. उम्म फ्रूथच्या कमानीवर चढता येतं, पण उतरताना बसत बसत या. चपला नकोत, बूटच घाला. बुर्दाची कमान हवी असेल तर तिथे खरीखुरी चढाई आहे, ती वेगळी ठरवावी लागते. कुठे कुठे नेणार आणि किती तास, हे निघण्यापूर्वीच बोलून घ्या.

मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा. दुपारी ऊन भाजतं, रात्री कुडकुडायला होतं. स्वेटर आणि तोंडाला गुंडाळायला सुती ओढणी हवीच. शाकाहारींसाठी एक: कॅम्पवरचं मांस-भाज्यांचं जेवण, 'झर्ब', वाळूत पुरलेल्या भट्टीत शिजतं, आणि भाज्या बऱ्याचदा कोंबडीच्याच जाळीखाली असतात. त्यामुळे बुकिंग करतानाच वेगळं सांगा. आमचा भडंगाचा डबा तरीही रिकामाच परत आला.

पर्यटकांसाठीच्या जॉर्डन पासमध्ये इथलं प्रवेशशुल्क येतं, जीपचे पैसे वेगळे. जॉर्डनमध्ये किमान तीन रात्री राहणार असाल तर व्हिसाचे ४० दिनारही वाचतात, पण पास विमानात बसायच्या आधी काढायचा. रोख दिनार अकाबा शहरातच काढून ठेवा. आणि पेट्राचं प्राचीन शहर आधी उरका: तिथे दिवसभर पायपीट आहे, मग इथे गाडीत बसायला बरं वाटतं.