आजींच्या भिंतीतल्या माश्या

चार वर्षं झाली, जानेवारी सरत आला की माझा मुक्काम बुलढाण्याच्या चिखली तालुक्यात असतो. बिजवाईच्या कांद्याला गोंडे फुलतात तेव्हा त्यावर कोणकोणते कीटक येतात ते मोजणं, हे माझं काम. दव वाळलं की पन्नास मीटरची दोरी ताणायची, तिच्या कडेने दहा मिनिटं सावकाश चालायचं आणि गोंड्यावर बसलेली एकेक माशी वहीत टिपायची. आग्या, सातेरी, फुलोरी, मुंगीएवढ्या काळ्या रानमाश्या. बांधावर पिवळ्या, निळ्या, पांढऱ्या वाट्यांत साबणाचं पाणी ठेवते. नजरेतून सुटलेले कीटक त्यात सापडतात.

कांद्याचं फूल आधी पराग सोडून मोकळं होतं आणि त्याची कुक्षी, म्हणजे पराग झेलणारा भाग, मागाहून तयार होते. म्हणजे बी धरायचं तर पराग दुसऱ्या फुलावरून कुणीतरी आणून द्यायला हवा. त्यातून कांद्याच्या मधुरसात पोटॅशियम फार, माश्यांना तो बेताचाच आवडतो. जवळ दुसरं काही फुललेलं असलं की त्या तिकडे वळतात. इतक्या नाजूक व्यवहारावर एकेका घराचं वर्षाचं गणित उभं असतं. पहिल्याच वर्षी एका शेतात भर सकाळी, फुलं उमललेली असताना, थ्रिप्स या बारीक किडीवरचं औषध मारलं गेलं. दुकानदाराने वेळेचं काही सांगितलं नव्हतं. दुपारी सरीतून मेलेल्या सातेरी माश्या मी ओंजळीने गोळा केल्या. काहींच्या पायांना पराग तसाच चिकटलेला होता. ज्यांचं शेत, ते दादा माझ्याशेजारी उकिडवे बसले आणि बराच वेळ बोललेच नाहीत. आता ते फुलोऱ्यात शक्यतो फवारत नाहीत, फारच गरज पडली तर दिवस मावळल्यावर.

तोवर मी फक्त फुलाकडे बघत होते. माशी रात्री कुठे जाते, हा प्रश्न मला एका आजींमुळे पडला.

दुसऱ्या वर्षी बिजवाईच्या कांद्यांची लागवड बघायला ऑक्टोबरातच गेले होते. आजींच्या परसात वांगी फुलली होती. तिथे एक माशी आली, पोटावर चमकत्या निळ्या पट्ट्या. फुलाला खालून लटकली, मधला पिवळा शंकू पायांनी कवटाळला आणि आवाजच बदलला. उडतानाची गुणगुण थांबून बारीक, ताणलेला सूर आला, फूल थरथरलं आणि तिच्या पोटावर पिवळी धूळ सांडली. वांग्याच्या परागकोशाला फक्त टोकाशी बारीक भोकं असतात. हलवल्याशिवाय पराग बाहेर पडत नाही. पंख न हलवता नुसते छातीचे स्नायू कंप पाववायची ही कला ना आग्याला येते, ना सातेरीला.

“काय पाहून राह्यली वं माय?” आजींनी विचारलं. मी माशी दाखवली. “हे? हे तं माह्या भितीतच राह्यते. सासूच्या वक्तापासून हाये.”

घराच्या मागच्या मातीच्या भिंतीत, तळहाताएवढ्या जागेत, मी अकरा भोकं मोजली. प्रत्येक भोकाची मालकीण वेगळी. या माश्यांना राणी नाही, पोळं नाही. प्रत्येक मादी आपलं घर एकटीने कोरते आणि पिल्लांपुरता पराग-मध आत साठवते. जगात माश्यांच्या 20,000 हून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक अशाच, मातीत घर करणाऱ्या. मी इतकी शिकलेली, पण भिंतीकडे बघायचं मला आजींनी शिकवलं.

त्यानंतर मी बांधांवर पालथी पडून भोकं शोधू लागले. गोंड्यावरच्या त्या काळ्या रानमाश्यांची घरं तिथेच निघाली, गवत विरळ असलेल्या उघड्या, टणक मातीत. आणि बांध तर दर वर्षी अरुंद होत चाललेत. जेसीबी येतो, दोन तास लागतात, कडेला दोन सऱ्या वाढतात. ज्याच्याकडे दीड एकर आहे त्याने तसं करू नये असं मी कुठल्या तोंडाने सांगू? पण त्याच्याच शेतातले वांझ गोंडे हातात घेऊन मी हे सगळं त्याला सांगते, दर वर्षी सांगते. दोघांनी बांधाचा एकेक हात तसाच राखलाय. तिथे आता तरोटा, रानतुळस, दगडीपाला माजलाय आणि मला त्याचा फार आनंद होतो.

आजींचं घरकुल मंजूर झालं, चांगलं सिमेंटचं घर होतंय. पावसात गळणाऱ्या घरात त्यांनी उभं आयुष्य काढलं, त्यामुळे हे व्हायलाच हवं होतं. जुनी भिंत पाडली गेली. परवा त्यांच्या नातवाने फोनवर फोटो पाठवला: परसाच्या कोपऱ्यात कमरेएवढा मातीचा तुकडा उभा आहे, पाऊस लागू नये म्हणून वर पत्रा, पत्र्यावर दोन दगड. आजींनी गवंड्याला तेवढा सोडायला लावला. फोटो मोठा करून पाहिला, तर सगळ्यात वरच्या भोकाच्या तोंडाशी ओली, ताजी माती दिसतेय. शनिवारी जातेय मी.