१५ रुपयांच्या आतला रामेन : ४२ वाडग्यांनंतरची नोंद

साध्या पाकिटातून रामेन, म्हणजे रस्सेदार जपानी नूडल्स, करण्याचा जूनमध्ये पहिल्या पावसाच्या निमित्ताने सुरू केलेला हा प्रयोग आता ४२ वाडग्यांपर्यंत आला असून, वहीची पहिली निम्मी पाने चुकीच्या दिशेने केलेल्या खटाटोपाची आहेत, हे आधीच मान्य करतो. नियम पहिल्या दिवसापासून तेच आहेत. किराणा दुकानात मिळणारे ७० ग्रॅमचे साधे मसाला नूडल्सचे पाकीट घ्यायचे, पाकिटाची किंमत सोडून वरचा खर्च १५ रुपयांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही, शेगडी एकच वापरायची आणि पंधरा मिनिटांत वाडगा हातात आला पाहिजे. ठाण्यातील माझ्या भाड्याच्या खोलीत शेगडीला बर्नरच एक असल्यामुळे त्यातला एक नियम मला पाळावाच लागतो.

पहिल्या वीस वाडग्यांत मी केवळ भर घालत गेलो. चीजची चकती, टोमॅटो केचप, शेजवान चटणी, लोणच्याचा खार, एकदा तर उरलेल्या पावभाजीची भाजी, असे सर्व काही घालून पाहिले. प्रत्येक वेळी चव बदलली, परंतु ती सुधारली असे म्हणवत नाही, कारण वरून काहीही घातले तरी खाली तोच खारट आणि एकसुरी रस्सा राहत होता. खरा फरक पडला तो पाकिटातली मसाल्याची पुडी कधी आणि कुठे घालायची, हे बदलल्यावर.

जपानमधील रामेनच्या दुकानात वाडगा ज्या क्रमाने भरला जातो, त्यावरून ही गोष्ट सुचली. तेथे मीठ व चव यांचा जो दाट अर्क असतो, तो रश्शात शिजवत नाहीत. तो आधी रिकाम्या वाडग्याच्या तळाशी घालतात, त्यावर सुगंधी तेल आणि मग उकळता बेचव रस्सा ओततात, आणि सर्वांत शेवटी गाळलेल्या नूडल्स त्यात सोडतात. या अर्काला ‘तारे’ म्हणतात. (मराठीत हा शब्द वाचला की प्रत्येक वेळी मान वर जाते, पण सवय होते.) आपल्याकडची मसाल्याची पुडी म्हणजे कोरड्या रूपातील तारेच होय, आणि आपण ती उकळत्या पाण्यात टाकून दोन मिनिटे तिचा वास खोलीभर पसरवतो. जिऱ्याधण्याचा जो सुगंध वाडग्यात राहायला हवा, तो वाफेबरोबर निघून जातो.

एकविसाव्या वाडग्यापासून मी पुडी पातेल्यात घालणे बंद केले. आता सुमारे दोन तृतीयांश पुडी वाडग्यात घेतो, तिच्यावर गरम लसणीचे तेल ओततो आणि ठेच्यावर तेल घातल्यावर येतो तसा चुर्र आवाज आला की चमच्याने ढवळून ठेवतो. ही त्या मसाल्याला दिलेली फोडणीच आहे. तेल धुरावर गेलेले असेल तर तिखट जळून ठसका लागतो, म्हणून कढले उतरवल्यावर मनात दहा आकडे मोजून मगच ते ओतावे. चीनच्या शान्शी प्रांतात रुंद नूडल्सवर तिखट व लसूण ठेवून वरून कडकडीत तेल ओततात. कल्पना तीच आहे, फक्त येथे तेल नूडल्सच्या आधी पडते.

पुडी आणि नूडल्स वेगळ्या असतात म्हणूनच हा खेळ शक्य आहे. जपानी उद्योजक मोमोफुकु आंदो यांनी २५ ऑगस्ट १९५८ रोजी बाजारात आणलेल्या चिकन रामेन या झटपट नूडल्समध्ये वेगळी पुडी नव्हतीच. चव नूडल्सनाच लावून त्या तळलेल्या होत्या, आणि वरून उकळते पाणी ओतून झाकले की काम झाले. ओसाकाजवळच्या इकेदा गावी घरामागच्या शेडमध्ये त्यांनी ही तळण्याची रीत बसवली. तळताना नूडल्समधील पाणी वाफ होऊन निघून जाते आणि मागे बारीक छिद्रे राहतात. त्या छिद्रांतून गरम पाणी आत शिरते, म्हणून त्या इतक्या लवकर शिजतात. याच छिद्रांमुळे त्या वाडग्यातही फुगत राहतात. त्यामुळे पाकिटावर दोन मिनिटे लिहिलेली असली तरी मी दीड मिनिटाला गॅस बंद करतो आणि वडी मोडत नाही. वडी एका बाजूने सुटू लागली की ती उलटावी आणि चिमट्याने एकदोनदा हवेत उचलून पुन्हा सोडावी, एवढे पुरते.

पाण्याविषयी थोडक्यात सांगतो. आपल्या पाकिटावरचे माप रस्सा आटवून कोरडे खाण्यासाठीचे आहे. रस्सा हवा असल्यास ३५० मिली पाणी घ्यावे. त्यात दोन तृतीयांश पुडी कमी पडेल अशी भीती मला होती. पण पाण्यालाच चव असेल तर ती पुरते.

त्या पाण्याच्या चवीवर माझे सर्वाधिक वाडगे खर्ची पडले. पुडीच्या मागे बारीक अक्षरांत ६३५ हा आकडा दिसतो, काही पुड्यांवर ६२७ आणि ६३१ असे वेगवेगळे आकडे असतात. हे चव वाढवणाऱ्या पदार्थांचे क्रमांक आहेत. ६२७ म्हणजे ग्वानिलेट, ६३१ म्हणजे इनोसिनेट आणि ६३५ म्हणजे त्या दोहोंचे मिश्रण. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोंबू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट हा चव आणणारा घटक वेगळा काढून त्याच्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिले. इनोसिनेट पुढे सुक्या मासळीत आणि ग्वानिलेट सुक्या शिताके अळंबीत सापडले. महत्त्वाची गोष्ट अशी की ग्लुटामेट आणि या दोहोंपैकी एखादे एकत्र आले की चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी अधिक उठते. म्हणजे टोमॅटोसारखे ग्लुटामेट असलेले काही आणि सुकी मासळी एकत्र आणली पाहिजे. जपानी दुकानदार यासाठी निबोशी, म्हणजे सुकवलेली बारीक मासळी वापरतात. मी रत्नागिरीचा आहे. आई दर मे महिन्यात जवळ्याची, म्हणजे सुकवलेल्या बारीक कोळंबीची, पिशवी बांधून देते, आणि ती तेव्हापासून फडताळात पडून होती, हे लक्षात यायला मला २६ वाडगे लागले.

जवळा तसाच पाण्यात टाकणे ही सत्ताविसाव्या वाडग्याची चूक होती. रस्सा गढूळ झाला, वास उग्र आला आणि शेवटच्या घोटाला दातांखाली वाळू लागली. आता एक मोठा चमचा जवळा आधी सुपात पाखडतो, नंतर तेल न घालता मंद आचेवर कढईत परततो. सुरुवातीला तो ओलसर वाटतो आणि कढईला चिकटतो. दोनेक मिनिटांनी सुटा होतो, खुळखुळ वाजू लागतो आणि त्याचा फिका गुलाबी रंग विटकरीकडे झुकतो. त्या क्षणी उतरवून, गार झाल्यावर तळहातावर चोळून चाळणीतून चाळला की टोकदार मिशा आणि बारीक रेती खाली पडते. हे काम रविवारी एकदाच करून बरणी भरून ठेवतो. ऐन वेळी तो जवळा आणि टोमॅटोच्या दोन फोडी ३५० मिली पाण्यात तीन मिनिटे उकळून चहाच्या गाळणीने गाळले की रस्सा तयार होतो, आणि खर्च जेमतेम पाच रुपये येतो. खोलीतला माझा सोबती शाकाहारी आहे, पहिल्या रविवारी त्याने दारातूनच विचारले, “अरे, मासळीबाजार इकडे हलवला का?” त्याच्यासाठी सुकी धिंगरी अळंबी आणि गॅसवर थेट भाजलेला अर्धा कांदा घालून वेगळा रस्सा करतो. तो वाईट नाही. माझ्या मते जवळ्याच्या जवळ तो येत नाही, पण याबाबतीत मी निःपक्षपाती असल्याचा दावा करणार नाही.

लसणीच्या तेलाची रीत आता बसली आहे. दोन चमचे शेंगदाण्याचे तेल थंड असतानाच त्यात सहा पाकळ्यांच्या पातळ चकत्या सोडाव्यात आणि मंद आचेवर ठेवाव्यात. तेल आधी तापवले की चकत्यांच्या कडा करपतात आणि मधला भाग कच्चा राहतो. बुडबुडे कमी होऊ लागले आणि कडा फिकट सोनेरी झाल्या की लगेच चकत्या काढाव्यात, कारण बाहेर काढल्यावरही त्या अर्धा मिनिट रंगत राहतात. कुमामोतोच्या रामेनवर लसूण मुद्दाम काळी होईपर्यंत तळून केलेले तेल घालतात, असे कळल्यावर मीही तो प्रयोग केला. तीन वाडगे कडू होऊन टाकावे लागले आणि नंतर मी त्या वाटेला गेलो नाही. आणखी एक सूचना आवश्यक आहे. हे तेल आठवडाभराचे करून ओट्यावर ठेवू नये. तेलात बुडालेल्या लसणीला हवा मिळत नाही आणि त्यात बोटुलिझमचे जंतू वाढून विषबाधा होऊ शकते. मी ते रोज ताजे करतो, त्याला पाचच मिनिटे लागतात.

खाण्याचा सोडा घालण्याच्या प्रयोगाविषयी अनेकांनी विचारले होते. साध्या शेवया किंवा स्पॅगेटी उकळताना पाण्यात सोडा घातला की त्यांना रामेनसारखा पिवळसर रंग आणि लवचीकपणा येतो, हे खरे आहे. मात्र पाकिटावर ५००(i) आणि ५०१(i) हे आकडे दिसत असतील तर सोडियम आणि पोटॅशियमचे कार्बोनेट त्या नूडल्समध्ये आधीपासूनच आहे. तरीही मी पाव चमचा घातला. नूडल्स बुळबुळीत झाल्या आणि रश्शाला साबणाची चव आली.

अंड्याचा प्रश्न चवीचा कमी आणि हिशोबाचा अधिक आहे. माझ्या दुकानात ते सात रुपयांना मिळते, म्हणजे निम्मी मर्यादा तेथेच संपते आणि त्या दिवशी पालेभाजी बंद. फेटलेले अंडे उकळत्या रश्शात धारेने सोडले तर रस्सा दाट होतो, पण जवळ्याची चव दबते. त्यापेक्षा साडेसहा मिनिटे उकळून लगेच गार पाण्यात टाकलेले आणि सोललेले अंडे एक भाग सोया सॉस, दोन भाग पाणी व चिमूटभर गूळ यांत रात्रभर ठेवणे मला अधिक पटते. तेच पाणी दुसऱ्या अंड्यालाही चालते. अंडे नसेल त्या दिवशी मोड आलेले मूग एक मिनिट वाफवून वर घालतो. जपानमध्ये रामेनवर जे लांब पांढरे मोड असतात, तेही बहुतेक मुगाचेच असतात, फक्त ते अंधारात वाढवून लांब केलेले असतात. कांद्याच्या पातीचा पांढरा भाग तेलात आणि हिरवा भाग कच्चाच वर, एवढे केले की तीही दोनदा उपयोगी पडते.

दाटपणासाठी शेंगदाण्याचे कूट मी सहा वेळा वापरले. तीळ वाटून घातलेल्या तानतानमेन या रामेनच्या प्रकाराची ती स्वस्त नक्कल आहे, पण कूट भरड असेल तर घशाशी येते. खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटून, वाडग्यातील मसाल्यातच कालवल्यास ते रश्शात नीट मिसळते. त्या दिवशी जवळा घालू नये. दोन्ही एकत्र आले की दोन्हींची चव मरते.

सध्या अडकलो आहे तो आंबटपणावर. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळले तर उत्तम लागते, परंतु ऑगस्टमध्ये एका लिंबाचे सात रुपये मोजावे लागल्यामुळे आमसुलाकडे वळलो. दोन आमसुले रश्शात उकळली तेव्हा रंग मातकट झाला आणि आंबटपणा कोवळ्या चिंचेसारखा दात आंबवणारा निघाला. वाडगा भरल्यावर अर्धा चमचा कोकमाचे आगळ घातले, तेव्हा चव जुळली, पण आगळात मीठ असल्याने पुडी आणखी कमी करावी लागली. ४३ वा वाडगा अर्ध्या पुडीचा आणि आगळाचा असेल. आईने या वेळी जवळ्याबरोबर बोंबलांच्या डोक्यांची पिशवीही पाठवली आहे. सोबती शनिवारी गावी जाणार असल्यामुळे तिचा रस्सा त्या दिवशी करून पाहणार आहे.